मुंबईच्या विहिरी आणि डांस : एका शहरी मोहिमेची हकीकत

इतिहाससंशोधनाच्या प्रांतांत डांसासारख्या क्षुद्र जीवास स्थान असावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. सनदा, महजर, तहनामे, करीने व वंशावळी यांच्या पसाऱ्यांत या जीवाचें नांव क्वचितच आढळतें. तथापि ज्या तापांनीं लष्करें खिळखिळीं केलीं, बंदरांचीं कामें अडविलीं व वस्त्या उठविल्या, त्यांपैकीं कित्येकांचा वाहक हाच जीव होता, ही गोष्ट १८९७ सालापासूनच्या शोधांनीं निर्विवाद ठरली आहे. सबब ज्याला शहरांचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यास डांसाची हकीकत अजिबात टाळतां येणार नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई शहरानें आपल्या विहिरींतील डांसांची पैदास थांबविण्याचा जो उद्योग केला, त्याचा वृत्तांत देणें व आज डेंग्यूच्या तापानें शहरें बेजार असतांना त्या वृत्तांतापासून काय निष्पन्न होतें तें पाहणें, इतकाच येथें हेतु आहे. विहिरीवर झांकण घालावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां आरोग्यखात्याचा दिसतो. वस्तुतः तो पाण्याच्या मालकीचा, पाण्याविषयींच्या श्रद्धेचा व पाणीपुरवठ्यावरील भरंवशाचा प्रश्न होता. आणि ज्या मानानें या तीन गोष्टींची दखल घेतली गेली, त्या मानानेंच मोहिमेस यश आलें, असें आमचें मत आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच प्रकार सांगितले आहेत. एवढ्या आधारावर आपल्या पूर्वजांस हिंवताप डांसापासून होतो हें ठाऊक होतें, असें विधान अनेक ठिकाणीं केलेलें आढळतें. परंतु तो प्रकरणभाग विषारी कीटकांच्या दंशाचा आहे. ज्वराचें प्रकरण संहितेंत वेगळें आहे. दंशाची पीडा जाणणें व एका रोग्याच्या अंगांतील रोगबीज डांस दुसऱ्याच्या अंगांत नेतो हें जाणणें, या दोन गोष्टींत मोठें अंतर आहे. पूर्वजांविषयींचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु अभिमानाच्या भरांत साधनाकडून तें जें बोलत नाहीं तें बोलवून घेणें हें संशोधकास शोभत नाहीं.

हीच सावधगिरी तापांच्या नांवांविषयींही बाळगली पाहिजे. जुन्या पत्रांत हिंव, शीतज्वर, एकांतरा ताप असे शब्द आले म्हणजे हिंवतापाचें अनुमान बऱ्याच अंशीं सुरक्षित असतें, कारण पाळीनें येणारा हुडहुडीचा ताप सहसा दुसऱ्या कशाचा नसतो. डेंग्यूचें तसें नाहीं. सांधे धरणारा, अंग मोडून काढणारा व अंगावर पुरळ उठविणारा ताप एवढें वर्णन मिळाल्यानें तो डेंग्यूच होता, असें म्हणतां येत नाहीं. १८२३-२४ आणि १८७०-७२ या सुमारास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानापर्यंत ज्या साथी पसरल्या, त्यांस समकालीन डॉक्टरांनीं डेंग्यू हें नांव दिलें. परंतु १९७१ सालीं कॅरी या संशोधकानें जुनीं वर्णनें ताडून पाहिलीं व सांधेदुखीचें दीर्घकाळ रेंगाळणें ध्यानांत घेऊन त्या साथी चिकनगुन्याच्या असाव्यात, असें साधार प्रतिपादन केलें. चिकनगुन्या हा वेगळा रोग म्हणून १९५२-५३ च्या टांगानिकांतील साथीपर्यंत ओळखलाच गेला नव्हता. तेव्हां १८७१ सालच्या वैद्याजवळ त्यासाठीं दुसरें नांव कोठून असणार? कागदावरचें नांव व प्रत्यक्ष रोग यांची अशी फारकत होऊं शकते, हें जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यानें नेहमीं लक्षांत ठेवावें. या दोन्ही रोगांचा वाहक डांस मात्र एकच आहे व त्याविषयीं पुढें येईलच.

आतां मुंबईच्या पाण्याकडे वळूं. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहरांत येईपर्यंत मुंबई बेट सर्वस्वीं विहिरी व तळीं यांवर अवलंबून होतें. शहराच्या नामावळींतच याचा पुरावा आहे. धोबी तलाव, गवालिया तलाव, खारा तलाव, दो टांकी, सी. पी. टँक हीं नांवें आजही लोकांच्या तोंडीं आहेत, पण त्या ठिकाणीं पाणी नाहीं. तळीं बुजलीं, नांवें उरलीं. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत शहराच्या या जुन्या पाणवठ्यांची माहिती आली आहे; तो ग्रंथ विहारचें पाणी नुकतेंच आलें असतां लिहिलेला असल्यामुळें त्याचें मोल अधिक आहे. सार्वजनिक तळीं बांधणें हें पुण्यकृत्य समजलें जाई व त्यांत हिंदु, पारशी व मुसलमान दात्यांनीं सारखाच हात सैल सोडला. फोर्टाबाहेर चर्चगेटजवळ भिकाजी बेहराम पांडे या पारशी गृहस्थानें १७२५ सालीं खणविलेली विहीर आजतागायत पूज्य मानली जाते.

तथापि बेटाची वस्ती वाढली तसें हें पाणी अपुरें पडूं लागलें. १८५४ सालीं पाण्याची इतकी ओढ लागली कीं बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली. त्यानंतर कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीस विहार येथें बांध घालण्यांत आला. पुढें १८७९ सालीं तुळशीचें व १८९२ सालीं तानशाचें पाणी शहरांत आलें. नळ आले म्हणजे विहिरी आपोआप निरुपयोगी होतील, अशी सरकारची अपेक्षा होती. तसें झालें नाहीं. देवपूजा, सोवळें, श्राद्ध, अग्यारींतील विधि, बागबगीचे, गुरांचे गोठे व गिरण्या यांसाठीं विहिरीचें पाणी चालूच राहिलें. नळाच्या तोटींत चामड्याची चकती असते, म्हणून तें पाणी कर्मास चालत नाहीं, अशी हरकत त्या काळीं अनेक शहरांतील सनातनी मंडळींनीं घेतली होती. याशिवाय नळ आटला तर घरची विहीर हाताशीं असावी, हा व्यवहारी विचारही होताच. अशा रीतीनें मुंबईंत दोन पाणी-व्यवस्था एकमेकींशेजारीं नांदूं लागल्या : एक म्युनिसिपालिटीची, दुसरी घरमालकाची.

या दुसऱ्या व्यवस्थेंत दोष काय होता, तें कळण्यास १८९७ सालच्या ऑगस्टची २० तारीख उजाडावी लागली. त्या दिवशीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं हिंवतापाच्या रोग्यास चावलेल्या डांसाच्या पोटांत त्या रोगाचें बीज वाढत असलेलें पाहिलें. व पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून डांसाच्या द्वारें रोग एकापासून दुसऱ्यास होतो, हें सिद्ध केलें. मात्र सर्वच डांस हिंवताप पसरवीत नाहींत. ॲनॉफिलीस जातीचे, व त्यांतही कांहीं थोडेच, या कामीं समर्थ असतात. तेव्हां प्रत्येक शहरास आपला शत्रु कोणता तें शोधून काढणें प्राप्त झालें.

मुंबईच्या शत्रूचें नामकरण वऱ्हाडांत झालें, ही गोष्ट आपल्या वाचकांस मनोरंजक वाटेल. ग्लेन लिस्टन हे लष्करी वैद्यकखात्यांतील अधिकारी एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपुरास असतांना त्यांनीं तेथील ॲनॉफिलीस डांसांच्या राहणीचा अभ्यास केला व १९०१ सालीं एका नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध करून तिला स्टीफेन्स या शास्त्रज्ञाचें नांव दिलें. हीच ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. प्लेगाचा उंदरांवरील पिसवांशीं असलेला संबंध दाखविण्याच्या कामांतही याच लिस्टन यांचा मोठा वांटा होता. १९०८ सालीं मुंबई बंदरांतील हिंवतापाच्या साथीचा त्यांनीं तपास केला. त्या वेळीं अलेक्झांड्रा गोदीचें बांधकाम चालू होतें व बाहेरून आलेल्या मजुरांचा तेथें मोठा जमाव होता. या साथीस कारण झालेला डांस स्टीफेन्सीच असल्याचें लिस्टन यांनीं दाखविलें.

हा डांस दलदलींत किंवा गटारांत फारसा वाढत नाहीं. त्याला स्वच्छ, सांठलेलें पाणी लागतें. तें खोल विहिरींत असो, गच्चीवरील टांकींत असो कीं बागेंतील कारंज्यांत असो. खेड्यांतील ओढे व कालवे यांवर वाढणाऱ्या त्याच्या भाऊबंदांहून तो या बाबतींत निराळा आहे. घाण म्हणजे रोग, ही त्या वेळची सार्वत्रिक समजूत होती; हिंवतापास ‘मलेरिया’ म्हणजे दूषित हवा हें नांव त्यामुळेंच पडलें. येथें तर उलटा प्रकार दिसून आला. घरोघर जें पाणी सर्वांत शुद्ध म्हणून जपलें जाई, तेंच या डांसाचें माहेरघर ठरलें. शहरवासीयांस हें पटणें किती कठीण गेलें असेल, याची कल्पना करतां येते.

लिस्टन यांच्या तपासानंतर सर्व शहराची पाहणी करण्याचें काम डॉ. चार्ल्स बेंटली यांजकडे आलें. मुंबईंतील हिंवतापाचीं कारणें व त्यावरील उपाय यांविषयींचा त्यांचा अहवाल १९११ सालीं सरकारी छापखान्यांतून बाहेर पडला. मुंबईच्या आरोग्याचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याने हा अहवाल मूळ साधन म्हणून वाचला पाहिजे. बेंटली यांचा निष्कर्ष थोडक्यांत असा : शहरांतील हिंवतापाचें मूळ मुख्यतः विहिरींत आहे, व त्याखालोखाल उघड्या टांक्यांत आहे, विहिरी बुजवाव्या किंवा त्यांवर डांस आंत-बाहेर जाऊं शकणार नाहीं असें घट्ट झांकण बसवावें, टांक्यांचीं झांकणेंही तशींच असावींत. हेच बेंटली पुढें बंगालच्या आरोग्यखात्याचे मुख्य झाले व रेल्वेच्या बांधांनीं पुराचें पाणी अडल्यामुळें तेथील हिंवताप वाढला, असें त्यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत सरकारास न रुचणारें मत मांडलें. मुंबईच्या अहवालांतही त्यांची दृष्टि तीच होती : रोगाचें कारण मनुष्याच्या हातच्या कामांत शोधावयाचें.

अहवालावरून कामास आरंभ होतांच हरकतींचा पाऊस पडला. या प्रकरणीं सर्वांत उत्तम साधन म्हणजे रुस्तम पेस्तनजी मसानी यांचें १९१८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेलें विहिरींच्या लोकश्रद्धांवरील पुस्तक होय. मसानी हे मुंबई म्युनिसिपालिटीचे चिटणीस होते व पुढें कमिशनरही झाले. त्यामुळें लोकांचे अर्ज त्यांच्या नजरेखालून जात. विहीर बुजविण्याची नोटीस गेली कीं मालकाचें उत्तर येई : धर्मविधीस हेंच पाणी लागतें, या विहिरींत देवतेचा किंवा पीराचा वास आहे, ती बंद केल्यास घरावर अरिष्ट येईल. हे अर्ज हिंदूंचे होते, पारशांचे होते व मुसलमानांचेही होते. पारशी धर्मांत आवां ही जलदेवता पूज्य असून आवां महिन्यांतील आवां रोज हा दिवस जलपूजनाचा आहे. हिंदूंच्या घरीं नववधूची विहीरपूजा, बाळंतिणीची जळवंती असे विधि विहिरीवरच होत. एखादा साहेब अधिकारी हे अर्ज वेडगळ म्हणून केराच्या टोपलींत टाकता. मसानी यांनीं ते वाचून विहिरींच्या श्रद्धांचा तुलनात्मक अभ्यास केला व युरोपांतही पवित्र झरे-विहिरींची अशीच पूजा चालत आली आहे, हें दाखविलें. म्युनिसिपालिटीच्या दफ्तरांतील अर्जांमधून लोकविद्येचा एक ग्रंथ निर्माण व्हावा, हें उदाहरण आपल्यासारख्या कागद जमविणाऱ्यांस उत्तेजन देणारें आहे.

यांतून जी तोड निघाली ती मोठी शहाणपणाची होती. विहीर सरसकट बुजवावयाची नाहीं. वर पक्कें झांकण घालावयाचें व त्यांत पाणी काढण्यापुरतें, घट्ट मिटणारें एक लहान दार ठेवावयाचें. विधीच्या वेळीं दार उघडावें, घागर भरावी, पुन्हां लावून घ्यावें. कांहीं ठिकाणीं बारीक तारेची जाळी वापरून सूर्यप्रकाशाचीही सोय राखली गेली. देवतेस वाट मिळाली, डांसास मिळाली नाहीं. या तडजोडींत दोन्ही पक्षांनीं आपली मुख्य गोष्ट सांभाळली व गौण गोष्ट सोडली. केवळ दंडाचा धाक दाखवून जें झालें नसतें, तें त्या हातभर दारानें झालें.

दंडाचा आधार मात्र कायद्यांत होताच. १८८८ सालच्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांतील ३८१ व्या कलमानें, डांसांची पैदास होईल असें सांठलेलें पाणी काढून टाकण्याविषयीं वा त्याचा बंदोबस्त करण्याविषयीं मालकास नोटीस देण्याचा अधिकार कमिशनरास आहे. आजही मुंबईंत घरोघरच्या नोटिसा याच कलमान्वयें निघतात. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा एका क्षुद्र जीवाविरुद्ध अद्याप राबतो आहे, हें शहराच्या कायदे-इतिहासांतील एक लक्षणीय उदाहरण म्हणतां येईल.

येथपर्यंत हिंवतापाच्या डांसाची हकीकत झाली. डेंग्यूचा डांस वेगळा आहे. त्यास पूर्वीं स्टेगोमिया म्हणत व आतां ईडिस इजिप्ती म्हणतात. अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डांस दिवसां चावतो. तोच पीतज्वराचाही वाहक आहे. क्यूबा बेटांतील हॅव्हाना शहरीं फिनले यांनीं १८८१ सालीं वर्तविलेलें हें अनुमान वॉल्टर रीड यांच्या मंडळानें १९०० सालीं सिद्ध केलें. व गॉर्गस यांनीं १९०१ सालीं घरोघरचीं पाण्याचीं पिंपें झांकवून, डबक्यांवर तेल टाकून व अळ्या सांपडलेल्या घरास दंड करून तो रोग कांहीं महिन्यांत त्या शहरांतून हुसकून लावला. शहरांतील डांसांविरुद्ध घरोघर तपासणीची जी पद्धति आज सर्वत्र चालू आहे, तिचें मूळ या मोहिमेंत आहे.

हॅव्हानाशीं मुंबईचा संबंध पनामाच्या कालव्यानें जुळला. तो कालवा १९१४ सालीं खुला झाला. पीतज्वराच्या मुलखांतून आशियाच्या बंदरांकडे जहाजांचा नवा रस्ता उघडणार, व आमच्या बंदरांत तर त्या रोगाचा वाहक घरोघर हजर आहे, या भीतीनें हिंदुस्थान सरकारनें आधींच तपास सुरू केला, मेजर एस. पी. जेम्स यांनीं हिंदुस्थानास पीतज्वरापासून वांचविण्याविषयींचा आपला लेख १९१३ सालीं प्रसिद्ध केला. पीतज्वर सुदैवानें इकडे आला नाहीं. परंतु त्या निमित्तानें आपल्या बंदरांतील पिंपें, रांजण व टांक्या यांत या पट्टेदार डांसाची पैदास किती आहे याकडे अधिकाऱ्यांचें लक्ष वेधलें. डेंग्यूचा वाहकही हाच, हें मत ऑस्ट्रेलियांत बँक्रॉफ्ट यांनीं १९०६ सालीं मांडलें होतें. क्लेलंड व त्यांचे सहकारी आणि पुढें फिलिपाइन्समध्यें सायलर यांच्या प्रयोगांनीं तें १९२६ पर्यंत पक्कें झालें.

मुंबईची मोहीम पुढें ढिली पडली. बेंटली यांच्या अहवालानंतर सतरा वर्षांनीं, १९२८ सालीं, कॉव्हेल यांस शहराची फेरतपासणी करावी लागली व त्यांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. एकदां झांकलेली विहीर कायमची झांकलेली राहत नाहीं. झांकण फुटतें, दार उघडें राहतें, मालक बदलतो, भाडेकरूस पर्वा नसते. शिवाय इमारती उंच होत गेल्या तशा गच्च्यांवरील टांक्या वाढल्या. डांसास विहीर बंद झाली म्हणून तो उपाशी राहिला नाहीं. तो जिना चढून गच्चीवर गेला.

झांकणाच्या जोडीला मासे सोडण्याचा उपायही होता. विहिरींत मासे व कांसवें सोडण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. १९१२ सालीं सेवेल व चौधरी या दोघांनीं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधून डांसांच्या अळ्या खाणाऱ्या देशी माशांची सचित्र माहिती प्रसिद्ध केली. पुढें दक्षिण अमेरिकेकडील गप्पी मासा इकडे रुळला व १९२८ सालीं गँबुझिया मासा इटलीहून आणला गेला. गप्पी हें नांव मराठी वाटलें तरी तें त्रिनिदाद बेटांतील गप्पी नामक गृहस्थावरून पडलेलें आहे, हें येथें नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आलें व जुन्या उपायांचें तेज फिकें पडलें. १९४६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाड व कारवार या भागांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालीं भिंतींवर औषध फवारण्याची मोठी मोहीम झाली. तिच्या यशावरून १९५३ सालीं सर्व देशासाठीं राष्ट्रीय योजना निघाली. खेड्यांत हिंवताप झपाट्यानें उतरला. तथापि शहरांतील स्टीफेन्सी डांसाविरुद्ध भिंतींवरील फवारा तितका लागू पडत नाहीं व औषधास डांस सरावूंही लागले. शेवटीं १९७१ सालीं शहरांसाठीं वेगळी योजना काढावी लागली व तिचा भर पुन्हां पाण्यांतील अळ्यांवरच ठेवण्यांत आला. म्हणजे साठ वर्षांनीं आपण बेंटली यांच्या झांकणापाशीं परत आलों.

आणि याच सुमारास डेंग्यूनें डोकें वर काढलें. १९६३-६४ सालीं कलकत्त्यास रक्तस्राव करणारा ताप आला व त्यांत डेंग्यू आणि चिकनगुन्या या दोहोंचे विषाणु सांपडले. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें चिकनगुन्याची मोठी साथ झाली. नंतर तो रोग जणूं नाहींसा झाला व २००५-०६ सालीं पुन्हां प्रगट झाला. १९९६ सालीं दिल्लींत डेंग्यूच्या साथींत १०,२५२ रोगी व ४२३ मृत्यु नोंदले गेले. तेव्हांपासून पावसाळा सरतां सरतां हा ताप आपल्या शहरांत दरसाल येतो. त्यावर विषाणूचा नाश करणारें खास औषध नाहीं. उपचार लक्षणांपुरता व शुश्रूषेचा असतो. सबब त्याच्या वाहकाची पैदास थांबविणें हाच मुख्य आधार राहतो.

या डांसाची राहणी पाहतां जुन्या मोहिमेचे धडे येथें दुपटीनें लागू पडतात. स्टीफेन्सीस विहीर तरी लागे. ईडिसास वाटीभर पाणी पुरतें. कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर, ताडपत्रीचा खळगा, देवघराबाहेरचें विसरलेलें तांब्याचें भांडें, यांपैकीं कशांतही अंड्यापासून डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं कोरडीं करावींत, असा नियम आरोग्यखातें सांगतें. परंतु नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. मादी अंडीं घालते तीं पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवून. कोरड्यांत तीं महिनोगणती टिकतात व पाणी चढलें कीं फुटतात. यासाठीं भांडें घांसूनच कोरडें करावयास हवें. हा डांस सामान्यतः जन्मस्थानापासून फार दूर उडत नाहीं. तेव्हां जो आपणांस चावतो, तो बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरांत जन्मलेला असतो.

आतां प्रश्न असा कीं लोक पाणी सांठवितात तरी कां? मुंबईच्या विहिरींच्या इतिहासांत याचें उत्तर आहे. नळ आले तरी घरमालकानें विहीर सोडली नाहीं, याचें एक कारण श्रद्धा होतें व दुसरें अविश्वास. श्रद्धेचा प्रश्न हातभर दारानें सुटला. अविश्वासाचा सुटला नाहीं. शहराच्या बहुतेक भागांत नळाचें पाणी ठराविक तासच येतें. चाळींत व झोपडपट्टींत पहाटेच्या तासाभरांत दिवसाचें पाणी भरून ठेवणें भाग असतें. ज्या गृहिणीस उद्यां पाणी येईल कीं नाहीं याची खात्री नाहीं, तिला पिंप पालथें घाला म्हणून सांगणें म्हणजे तिच्या संसाराची तहान ओतून द्या म्हणून सांगण्यासारखें आहे. तिला घट्ट झांकणाचें पिंप व नेमानें येणारें पाणी द्या. मग दंडाची भाषा करा. १९११ सालीं विहीरमालकास दार मिळालें. आज पिंपवालीस काय मिळालें, हा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

शेवटीं आपल्या मंडळींच्या कर्तव्यासंबंधीं. विहिरी झांकणें व बुजविणें हें काम अजूनही चालू आहे. आरोग्यासाठीं थोडें, इमारतींसाठीं फार. विहिरींच्या कांठावर दात्याचें नांव, शक, संवत्, यझ्देगर्दी सन किंवा हिजरी साल कोरलेलें असतें. झांकण बसतांना अशी शिळा सिमेंटाखालीं जाते व एक साधन कायमचें लोपतें. आरोग्याच्या कामास आमचा विरोध नाहीं, हें वरील विवेचनावरून स्पष्ट आहे. उलट उघडी, पडीक विहीर वारसा म्हणून तशीच राखावी असें म्हणणाऱ्यांस आम्ही सांगूं कीं शेजारच्या घरांतील ताप हा कोणत्याही शिलालेखाचें मोल होऊं शकत नाहीं. परंतु झांकण घालण्यापूर्वीं शिळेचा ठसा घेणें, विहिरीचें माप टिपणें व मालकाच्या घरचे जुने अर्ज, नोटिसा आणि पावत्या जपून ठेवणें, यांस एका दिवसाहून अधिक वेळ लागत नाहीं. म्युनिसिपालिटीची पिवळी पडलेली नोटीस रद्दींत घालूं नये; ज्या अर्जांतून मसानींचा ग्रंथ झाला, ते अर्जही अशाच कागदांवर लिहिले होते.

अचलपुरास १९०१ सालीं ज्याचें बारसें झालें, तो स्टीफेन्सी डांस २०१२ सालीं आफ्रिकेंत जिबूती येथें आढळला व तेथून इतर शहरांकडे पसरत आहे. तेथील आरोग्याधिकाऱ्यांपुढें आज तोच प्रश्न आहे, जो शंभर वर्षांपूर्वीं मुंबईकरांपुढें होता : सांठविलेलें पाणी कसें झांकावें, व तें झांकण्यास लोकांस कसें राजी करावें. त्यांस उपयोगी पडेल असा अनुभव मुंबईच्या दफ्तरांत पडून आहे. तो जुळवून, तपासून प्रसिद्ध करणें हें काम आरोग्यखात्याचें नव्हे. तें इतिहाससंशोधकांचें आहे.